ढेकूळ कुणाच्या डोक्यावर?

‘काळ्या दगडावरची रेघ’ असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी राग आवरा म्हणून बजावलं. तरी परवा आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, “उद्यापासून पाणी दोन वेळा येणार, काळ्या दगडावरची रेघ,” आणि मी उठून बाहेर आलो. त्या बिचाऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय, असं बायकोनं विचारलं. त्यानं काही मारलेलं नाही. पण ज्या माणसानं नोकरीभर ही रेघ ऐकली आणि जवळजवळ दर वेळी ती खोटी निघताना पाहिली, त्यानं किती सोसायचं?

मी जमीन मोजणारा. सरकारी भाषेत भूकरमापक, गावाच्या भाषेत मोजणीवाला. दोन शेजाऱ्यांचा बांधावरून वाद झाला, काठ्या निघाल्या, डोकी फुटली, की मग कुणाला तरी मोजणीचा अर्ज द्यायची बुद्धी होते आणि आमची साखळी गावात येते. पन्हाळा, करवीर, राधानगरी असे तालुके मी पायांनी पालथे घातले. लोकांना वाटतं आमचं काम जमिनीशी असतं. जमीन गरीब असते, ती काही बोलत नाही. आमचं खरं काम असतं ते माणसांच्या खात्रीशी.

आणि खात्री सांगायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी मिशीला हात लावून म्हणायचा, खोटं निघालं तर अर्धी मिशी उतरवीन. कुणी म्हणायचा, नाव बदलून ठेवा. कुणी म्हणायचा, लिहून देतो. आणि द्या लिहून म्हटलं की त्याचा चष्मा घरी राहिलेला असायचा. वाडीच्या दत्ताची, जोतिबाची आणि अंबाबाईची शपथ तर चहा यायच्या आधीच होऊन जायची. सूर्य पश्चिमेला उगवेल पण बांध हलायचा नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं की सूर्याचीच मला दया यायची. एक जण म्हणाला, हे रान मी तळहातासारखं ओळखतो. मी म्हटलं, मूठ न उघडता सांगा, तळहातावर तीळ आहे का? तो मूठ उघडायला लागला.

यात एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. खात्रीच्या बदल्यात माणूस जे पणाला लावतो ते कधी स्वतःच्या जिवाला लागणारं नसतं. मिशी परत येते. नाव कुणी बदलत नाही. देव साक्षीला येत नाही. आणि काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही हे कबूल, पण आमच्या भागात हद्दीचा अख्खा दगडच उचलून विहिरीत टाकतात, त्याचं काय करायचं? ज्याची खात्री जास्त, त्यानं बांध जास्त कोरलेला, हा माझा अनुभव. नांगराच्या प्रत्येक फेरीला बोटभर बोटभर शेजाऱ्याची माती आपल्याकडं ओढायची आणि मग छातीवर हात ठेवून उभं राहायचं.

एका गावात तुकाराम आण्णा म्हणून एक खातेदार भेटले. त्यांनी मला आव्हानच दिलं की माझे डोळे बांधा, मी न चुकता बांधावरून चालत जातो. त्या दिवशी ऊन फार होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी त्यांचाच टॉवेल घेऊन त्यांचे डोळे करकचून बांधले. आण्णा ऐटीत निघाले, सरळ शेजाऱ्याच्या वांग्यांत शिरले आणि तिथून उकिरड्यात गेले. शेजारी कोयता घेऊन भांडायला आलेला, तो हसून हसून खालीच बसला. आण्णांना वर काढलं, टॉवेल सोडला. ते चहूकडं बघून शांतपणे म्हणाले, “बांधच सरकलाय.”

आता बाहेरच्या माणसासाठी मोजणी म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक जमिनीचा जुना नकाशा असतो. पण कागदावरची रेघ जमिनीवर आणायची तर सुरुवात एखाद्या पक्क्या, न हललेल्या दगडापासून करावी लागते. दगड हललेला असेल तर पुढचं सगळं माप बरोबर असूनही चूक. म्हणून शहाणा मोजणीदार एका दगडावर विश्वास ठेवत नाही. तीन बाजूंनी येतो आणि तिन्ही मापं एका जागी भेटतात का ते बघतो. त्यात आमची साखळी लोखंडाची. ती उन्हात लांबते, कड्या झिजल्या की आणखी लांबते. म्हणून आम्ही साखळी परत परत तपासतो आणि तरीही म्हणतो की एवढा एवढा फरक धरून चाला. हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितलं की लोक म्हणणार, म्हणजे तुमची खात्री नाही तर. ज्यानं आयुष्यात फुटपट्टीसुद्धा हातात धरली नाही त्याची खात्री पक्की, आणि आमचं माप डळमळीत.

चहा पिता पिता आणखी एक माप घेतलं जायचं, ते माझं. “साहेब, आडनाव काय म्हणायचं?” मी आडनाव सांगायचो. मग कुठलं गाव, कुणाचे पावणे, असे तीन बाजूंनी प्रश्न यायचे. आम्ही दगड शोधतो तसंच. आम्ही बौद्ध आहोत हे एकदा नक्की झालं की काही घरांतून पुढचा चहा कान तुटलेल्या कपातून यायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगतोय, फार जुनी नाही. मी तो कप बांधावर तसाच ठेवायचो, चहा निवेपर्यंत सगळ्यांना दिसेल असा. फुकटचा तमाशा नको म्हणून माझे सहकारी मला समजवायचे. मला तो तमाशा हवाच असायचा.

मी या खात्यात का आलो, त्याचं कारण माझे आजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. मला जे कळलं ते आत्तीकडून, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीकडून. आमचं मूळ गाव राधानगरीकडं. धर्मांतराच्या कितीतरी आधीचा काळ. तेव्हा गावकीची जी कामं आमच्या लोकांच्या गळ्यात होती, ज्याला महारकी म्हणत, त्यात शिवेची राखणही होती. दोन गावांत किंवा दोन बड्या घरांत हद्दीचा वाद पेटला की आमच्यातल्या माणसाला बोलवायचे. ओल्या मातीचं ढेकूळ, त्यावर हळदकुंकू. ते डोक्यावर घेऊन तो माणूस हद्दीवरून चालायचा. तो चालेल ती हद्द. भुईमाताच त्याचे पाय चालवते, असं गाव म्हणायचं. आणि पुढची सुगी यायच्या आत त्याच्या घरात कुणी दगावलं तर तो खोटं चालला असं धरायचे.

माझे आजोबा असं ढेकूळ घेऊन चालले. त्याच पावसाळ्यात घरात ताप शिरला आणि आत्तीचा एक धाकटा भाऊ गेला. तो तिच्या कडेवर असायचा. गावानं ठरवलं, हा खोटी शीव चालला म्हणून पोरगं गेलं. हरलेल्या घरानं यांचं छप्पर पाडलं, जिंकलेल्या घरानं तोंड फिरवलं. आजोबा बिऱ्हाड घेऊन कोल्हापुरात आले आणि मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहत मेले. त्या दिवसाविषयी ते परत कधी बोलले नाहीत. आत्ती मात्र आयुष्यभर एकच प्रश्न घेऊन बसली. तिचा बा खरं चालला होता का खोटं? खोटं चालला असेल तर आपल्या भावाला आपल्या बानंच मारलं, असं ती धरून होती. मी मोजणी खात्यात लागलो त्या दिवशी तिनं पेढा तोंडातही घातला नाही. ती म्हणाली, “आता तू जाऊन ती शीव मोज आनि मला येऊन सांग.”

मी हो म्हणालो होतो. त्या गावाकडं माझी नेमणूक बरीच वर्षं झाली नाही. दरम्यान कोडोलीच्या पुढच्या एका गावात जे घडलं, ते आधी सांगितलं पाहिजे.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथं मला अजून ओळखणारी माणसं आहेत. दादासाहेब म्हणून गावातलं वजनदार माणूस, आणि त्यांचे लगतचे खातेदार पांडुरंग आण्णा. मधे ओढ्याच्या कडेनं एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर करंजाची झाडं. ही पट्टी ज्याची, त्याला ऊस सरळ रस्त्यावर काढता येणार. दुसऱ्यानं लांबून वळसा मारायचा. कोपऱ्यावरचा हद्दीचा दगड गायब. तो पांडुरंगनं उपटला असं दादासाहेब सांगत, आणि दादासाहेबानं उपटला असं पांडुरंग आण्णा. दोघांचीही रेघ काळ्या दगडावरचीच होती.

पहिल्या दिवशी माझी दोन बाजूंची मापं जुळली, तिसरं जुळेना. मी सांगितलं, आज हद्द दाखवत नाही, उद्या गावशिवेच्या दगडापासून येतो आणि मग बोलतो. झालं. जमलेली माणसं खवळली. सरकारी माणसाला खात्रीनं सांगता येत नसेल तर त्याला पोसायचं कशाला, इथपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा दादासाहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, आपल्याकडं जुनी रीत आहे की. धोंडीबाला बोलवा, ढेकूळ घेऊन चालू दे.

धोंडीबा म्हणजे बौद्धवाड्यातले धोंडीबा कांबळे, सत्तरीचे. त्यांचे वडील त्या गावचे शीव चालणारे शेवटचे. मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. पांडुरंग आण्णासुद्धा तयार झाले, आणि मला त्याचंच नवल वाटलं, कारण धोंडीबांचा मुलगा मारुती दादासाहेबांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. मी आण्णांना बाजूला घेऊन विचारलं, तुमचा कसा विश्वास बसतो? ते म्हणाले, “ढेकूळ डोक्यावर आल्यावर त्याची खोटं चालायची छाती व्हायची न्हाय. घरात सून अवघडलीया.”

म्हणजे पट्टी यांची, वाद यांचा, ऊस यांचा, आणि तारण कोण, तर एका गरीब घरातली गरोदर बाई. एकाचा भरवसा त्या घराच्या पोटापाण्यावर, दुसऱ्याचा त्या घराच्या भीतीवर. आणि दोघंही शहाणी, शिकलेली माणसं, दोघांच्याही घरात टीव्ही. यात कायदा बसत नाही आणि मी असलं काही लिहून घेणार नाही, असं मी ओरडूनच सांगितलं. दादासाहेब अजिबात चिडले नाहीत. “तुमी नका लिवू. तुमचं माप तुमच्यापाशी. गाव ह्येच धरंल.”

संध्याकाळी मी धोंडीबांच्या घरी गेलो. दोन खोल्या, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली एक फुलांची वाटी. मारुती दारात बसला होता. तो वडिलांची समजूत घालत होता की चालून टाका, मालक म्हणतील तिकडून चाला, आपण कुठं हे मानतो, ढेकळानं काय होतंय. नोकरी जाईल एवढंच त्याला दिसत होतं आणि त्यात त्याची चूक नव्हती. त्याची बायको आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही, आतूनच म्हणाली, “मामा, नका जाऊ.” तिचा ढेकळावर विश्वास होता की नव्हता कोण जाणे. पोटात पोर असताना असल्या गोष्टी कुणाला तोलून बघायच्या असतात?

धोंडीबा मला म्हणाले की धर्म बदलला तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरातली दैवतं नदीला दिली आणि त्यांच्यासोबत गावकीची काठीही दिली. त्यानंतर हे ढेकूळ या घरात परत येईल असं वाटलं नव्हतं. तुमच्यावर कुणाची सक्ती चालणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. सांगताना माझं मलाच कळत होतं की मी उद्या जीपमध्ये बसून निघून जाणार आहे. त्यांनी विचारलं, उद्या तुमचं माप लागेल का? मी म्हटलं, बहुतेक लागेल. ते हसले.

“बरं झालं, काळ्या दगडावरची रेघ म्हणला न्हाईसा.”

दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर गावशिवेच्या दगडापासून साखळी टाकायला सुरुवात केली. नकाशाचा कागद लावलेला तीन पायांवरचा फळा दोनदा हलवून ओढ्याजवळ पोचेपर्यंत करंजाखाली अर्धं गाव गोळा झालं होतं. पितळी ताटात ओलं ढेकूळ, त्यावर हळदकुंकू. दादासाहेब पांढऱ्या कपड्यांत, हातात काठी. धोंडीबा धुतलेलं धोतर नेसून आले, कुणाला नमस्कार न करता ताटापाशी गेले आणि त्यांनी ढेकूळ दोन्ही हातांनी उचललं. मला वाटलं, हे चालणार.

ते चालले नाहीत. ढेकूळ हातात धरून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले.

“माझ्या बापानं ढेकूळ घेतल्यालं म्या बगितलंय. लहान हुतो. फुडं काठी घिऊन मालक चालायचं, मागनं बाप. मालक वळलं की बाप वळायचा. तुमी म्हणायचा, भुईमाता वाट दावतीया. वाट मालक दावत हुतं. बापाला शीव ठावी न्हवती. मला बी ठावी न्हाय.”

कुणीतरी मागून म्हणालं, घाबरला. धोंडीबांनी तिकडं बघितलंही नाही. ते दादासाहेबांसमोर गेले आणि ढेकूळ पुढं केलं.

“तुमची खात्री हाय न्हवं दादासाब? मग ह्ये तुमी घ्या डोक्यावर.”

दादासाहेबांचा थोरला मुलगा बांधावर उभा होता. दादासाहेबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं. मग काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ढेकळाला हात लावला नाही.

धोंडीबा वळले. “आण्णा, तुमी?”

पांडुरंग आण्णांनी हात पाठीमागं नेले. धोंडीबा तसेच थोडा वेळ थांबले. हात दुखत असतील त्यांचे, ओलं ढेकूळ जड असतं. मग त्यांनी ते जमिनीवर ठेवलं, टाचेनं फोडलं, धोतराला हात पुसले आणि करंजाच्या सावलीत जाऊन बसले.

माझ्या नोकरीत मी कितीतरी माणसांच्या तोंडून खात्री ऐकली. ती सगळी खात्री त्या क्षणी त्या दोन माणसांच्या चेहऱ्यांवर मला दिसली. देवाची शपथ घेताना यांची जीभ अडखळली नव्हती. मिशा, नावं, सूर्य, चंद्र सगळं पणाला लावून झालं होतं. आपल्या पोराच्या जिवावर आल्याबरोबर दोघांनाही एकदम ‘बहुतेक’ हा शब्द आठवला. आणि हेच ढेकूळ दुसऱ्याच्या पोटातल्या पोरावर ठेवायला कालपासून यांची तयारी होती. मी फळ्यापाशी रागानं धुमसत उभा होतो. मला अजूनही तो राग येतो. कमी करायची मला इच्छा नाही.

माप दुपारी लागलं. तिन्ही बाजू जुळल्या. हद्द दोघांनी सांगितलेल्या दोन रेघांच्या मधून गेली. दोघांनीही कोरलं होतं, दादासाहेबांनी जरा जास्त. मी खुणा दिल्या, पंचांच्या सह्या घेतल्या. मोजणी चुकीची आहे, असं दोघांनीही मला निघताना बजावलं. ते कोणत्या शब्दांत, हे आता सांगायला नको.

मारुतीला त्याच आठवड्यात ट्रॅक्टरवरून उतरवलं. तो कोल्हापुरात एका फाउंड्रीत लागला. पुढं ते सगळं कुटुंब शहरात आलं आणि त्यांची माझी ओळख राहिली. सुनेला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप. गावानं त्यावर काय म्हणावं? धोंडीबानं ढेकूळ नाकारलं म्हणून पोर वाचली, काळ्या दगडावरची रेघ. म्हणजे वाईट झालं असतं तरी यांचंच खरं, आणि चांगलं झालं तरी यांचंच.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. दोन हजार सालानंतर आमच्याकडं नवी यंत्रं आली. साखळी गेली, फळा गेला. समोर आरसा धरायचा, बटण दाबायचं की अंतर आकड्यात हजर. लोक आता यंत्राकडं बघून हात जोडायचे आणि आम्हाला म्हणायचे, मशीन म्हणतंय म्हणजे संपलं. मी त्यांना सांगायचो की मशीनलाही फरक असतो. त्यांना ते ऐकायचं नसायचं. एकदा का खात्री दुसऱ्याच्या डोक्यावर दिली की माणूस मोकळा होतो.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना मला राधानगरीकडची कामं मिळाली आणि एके दिवशी यादीत आमचं गाव आलं. काम साधंच होतं, दोन भावांच्या वाटणीचं. पण आजोबा चालले होते ती शीव तिथून एक शेत सोडून पलीकडं होती. भाताची कापणी झालेली, रान मोकळं. नकाशा माझ्याकडं होता, यंत्राची बॅटरी भरलेली होती. आत्ती ऐंशीच्या पुढं गेलेली, पण डोकं शाबूत. आदल्या दिवशी तिला मी सांगूनही आलो होतो.

काम संपल्यावर गावातले आप्पासाहेब चहा घेऊन आले. आजोबा ज्या घरासाठी शीव चालले, त्या घरातले हे नातू. आडनाव विचारून झालं, कुठले ते विचारून झालं, कुणाचे पावणे तेही झालं. तीन बाजू जुळल्या तसे त्यांचे डोळे बारीक झाले. ते अगदी मायेनं म्हणाले, “म्हंजे तुमी त्येंचं नातू व्हय. तुमचा आजा खोटी शीव चालला बगा. आमचाच फायदा केला त्येनं, पन खोटं त्ये खोटं. म्हनून पोरगं गेलं. काळ्या दगडावरची रेघ.”

इतकी वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. कुणीतरी हे तोंडावर म्हणावं आणि मी यंत्र लावून त्याचं तोंड बंद करावं. आता ते झालं तेव्हा मला धोंडीबा आठवले. मी यंत्राला हात लावला नाही. आप्पासाहेबांना एवढंच विचारलं की त्या दिवशी आजोबांच्या पुढं कोण चालत होतं.

आप्पासाहेबांची छाती फुगली. “आमचं आजोबा की. काठी घिऊन. त्येंच्याशिवाय शीव हुतीया व्हय?”

मी वाकून नांगरटीतलं एक ढेकूळ उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. म्हटलं, ते खोटं होतं ही तुमची खात्री आहे ना, मग हे डोक्यावर घ्या आणि तेवढ्या शिवेवरून चालून दाखवा, मी मोजणी करून देतो. आप्पासाहेबांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. साहेब चेष्टा करतात असं म्हणून ते हसले आणि कप गोळा करायला लागले. कपांचे कान सगळे शाबूत होते, तेवढी सुधारणा झाली होती.

मी यंत्र पेटीत भरलं. ती शीव मी मोजली नाही.

संध्याकाळी घरी आलो. आत्ती दारातच खुर्चीवर बसली होती, पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही.

“मोजलीस?”

मी म्हटलं, नाही मोजली, मोजून उपयोग नव्हता. तुझा बा खरं चालला नाही आणि खोटंही चालला नाही. त्याच्या पुढं मालक काठी घेऊन चालत होता, बा त्याच्या मागून गेला.

तिचे हात मांडीवर उघडे पडले. मग अगदी बारीक आवाजात, जणू स्वतःलाच, म्हणाली, “व्हय की. फुडं मालकच हुतं. काठीला पितळंची मूठ हुती. म्या बगितलंय.”

भावाला कडेवर घेऊन ती त्या दिवशी बांधावर उभी होती. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालं होतं. सगळ्या गावासारखी तीही आयुष्यभर फक्त ढेकळाकडं बघत राहिली होती.